आजोबांची सायकल पुन्हा धावली

माझी ताई यंदा आठवीत गेली. तिची शाळा चार किलोमीटर लांब आहे. नव्या सायकलला घरात पैसे नव्हते. गोठ्यात आजोबांची जुनी सायकल गंजून पडली होती. बाबा ती भंगारात देणार होते. आजोबा म्हणाले, "थांब, आधी बघू तरी."

लोखंडाला हवा आणि पाणी दोन्ही लागले की गंज चढतो. तो लोखंड खातो. म्हणून आम्ही आधी सांगाडा ठोकून पाहिला. तो पक्का निघाला.

मग रिमवर चिंचेचा कोळ चोळला. आंबटाने गंज सुटतो. धुऊन लगेच कोरडे पुसायचे, नाहीतर पुन्हा गंज चढतो. मामांनी जुने टायर आणि ट्रॅक्टरचे थोडे डिझेल दिले. त्यात साखळी रात्रभर बुडवली. डिझेल चुलीपासून लांब ठेवा बरं का!

मागच्या चाकातून 18 छर्रे निघाले. ग्रीस लावून बसवताना 17च भरले! मी रडकुंडीला आलो. शेवटी एक पायरीखाली सापडला.

ट्यूब घमेल्यात पाण्यात धरली. बुडबुडे आले, तिथे पंक्चर.

खर्च : ब्रेकचे रबर 60 रुपये, ग्रीस 40, पंक्चरचे सामान 30, पॉलिश पेपर 20. एकूण 150 रुपये.

सोमवारी ताई सायकलवर शाळेला गेली. आजोबा वेशीपर्यंत बघत चालत गेले. काही बोलले नाहीत, नुसते हसले.

मित्रांनो, सायकल पावसात भिजली की पुसा. साखळीला तेल द्या. मग गंज येणार नाही.

— एक विद्यार्थी, इयत्ता 4 थी