तहान वाढलेली मांजर

प्रश्न : आमची मनी ११ वर्षांची आहे. खाते, खेळते, पण हल्ली पाणी फार पिते. उन्हाळ्यामुळे असेल का? दवाखान्यात ती खूप घाबरते, म्हणून नेणं टाळतोय.

उत्तर : टाळू नका, याच आठवड्यात न्या. या वयात तहान वाढण्यामागे मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह किंवा थायरॉइड असू शकतं. मांजर दुखणं लपवते. मूत्रपिंडाची साधारण ७५ टक्के क्षमता जाईपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन बहुधा वाढत नाही. लघवी पातळ होणं मात्र त्याआधी दिसू शकतं. म्हणून रक्ताबरोबर लघवी आणि रक्तदाबही तपासून घ्या. आणि वजन! ४ किलोच्या मांजरीचं ४०० ग्रॅम वजन उतरलं तरी केसांमुळे लक्षात येत नाही, पण ती १० टक्के घट आहे. दर महिन्याला घरी वजन करून तारखेसह लिहून ठेवा.

पाणी मात्र तोडू नका, भांडं भरलेलंच असू द्या. न्यायचा पिंजरा दोन-तीन दिवस आधीच उघडून ठेवा, आत तिचं अंथरूण घाला. भीती बरीच कमी होते. यापुढे तपासणी दर सहा महिन्यांनी करा.