अप्पर, डिपर आणि माझी इंजिनिअरिंग

मराठी विभागासाठी लेख दे असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी आधी हसलेच. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका झाल्या तर सांभाळून घ्या. पण हा विषय मला मराठीतच सांगायचाय, कारण झालेली चूक घरी पप्पांना समजावून सांगताना तो मला स्वतःला नीट कळला.

२०२४ च्या दिवाळीत मी घरी गेले होते. आमची गाडी जुनी. रात्री हेडलाईटचा प्रकाश इतका पिवळट आणि मंद पडायचा की पप्पा वैतागायचे. मी म्हणाले, "पप्पा, सोपं आहे. बल्बच बदलू." कंपनीचा एच-फोर बल्ब ६०/५५ वॅटचा असतो, म्हणजे अप्परला ६० आणि डिपरला ५५ वॅट. दुकानात त्याच होल्डरमध्ये बसणारा १००/९० वॅटचा मिळाला. पंधरा मिनिटांत दोन्ही बसवले. अंगणात लख्ख उजेड! आजी म्हणाली, "पोरगी इंजिनिअर झाली हो!"

चार दिवसांनी चिपळूणहून कराडला परत येताना कुंभार्ली घाटात रात्र झाली. समोरून गाड्या येत होत्या, पप्पा सारखे अप्पर-डिपर करत होते. अचानक प्लास्टिक जळाल्याचा वास आला आणि एका वळणावर दोन्ही हेडलाईट गेले. पुढे मिट्ट काळोख, एका बाजूला दरी, मागच्या सीटवर आई आणि आजी. पप्पांनी कशीबशी गाडी कडेला घेतली आणि चारी इंडिकेटर लावले. मागून एक एस.टी. आली. ड्रायव्हरकाकांनी खिडकीतून डोकं काढून विचारलं आणि म्हणाले, "साहेब, माझ्या मागनं या. लाल दिवा सोडू नका." कोयनानगरपर्यंत ते आमच्यासाठी हळू चालवत राहिले. पप्पा मला एक शब्द बोलले नाहीत. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

नेमकं झालं काय?

साधा ज्यूलचा नियम, जो आपण परीक्षेत लिहितो आणि गाडीत विसरतो. ५५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण ४.६ अँपिअर घेतो, ९० वॅटचा ७.५ अँपिअर. करंट वाढला १.६ पट, पण वायरीत आणि स्विचमध्ये तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे सुमारे २.७ पट. आमच्या गाडीत हेडलाईटला रिले नव्हता. दोन्ही बल्बचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या त्या छोट्याशा स्विचमधून जात होता. त्याचे कॉन्टॅक्ट जळाले, प्लास्टिक वितळलं.

फ्यूज का उडाला नाही? कारण करंट फ्यूजच्या मर्यादेतच होता. फ्यूज शॉर्टसर्किटपासून वाचवतो, आपल्या अतिशहाणपणापासून नाही.

आधी काय करायला हवं होतं?

१) व्होल्टेज मोजा. इंजिन चालू, लाईट चालू ठेवून मल्टिमीटरने आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या कनेक्टरवर व्होल्टेज बघा. आमच्या गाडीत बॅटरीवर १३.६ व्होल्ट होते आणि बल्बपाशी फक्त ११.९. बाकीचे जुन्या वायरीत आणि गंजलेल्या अर्थमध्ये खर्च होत होते. आता गंमत बघा. हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताप्रमाणे बदलतो. त्यामुळे साडेबारा टक्के व्होल्टेज कमी झालं की प्रकाश एक तृतीयांशाहून जास्त घटतो! बल्ब बिचारा उपाशी होता आणि मी त्याच्या जागी जास्त खाणारा आणून बसवला.

उपाय म्हणजे बॅटरीपासून फ्यूज लावून थेट जाड वायर, अप्पर आणि डिपरला एकेक रिले, आणि अर्थचं टोक घासून स्वच्छ. स्विचमधून मग फक्त रिलेच्या कॉइलचा, अर्ध्या अँपिअरहून कमी करंट जातो. हे काम वायरमनकडून करून घेतल्यावर बल्बपाशी १३.३ व्होल्ट मिळाले. बल्ब तोच ६०/५५ चा, प्रकाश जवळजवळ दीडपट. व्होल्टेज वाढलं की बल्बचं आयुष्य बरंच कमी होतं, पण स्विच वितळण्यापेक्षा ते परवडलं.

२) काच साफ करा. हल्लीच्या हेडलाईटची काच म्हणजे खरं तर पॉलिकार्बोनेट. उन्हाने ती पिवळी पडते. पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने घासून पॉलिश करता येते, पण वर यू.व्ही. संरक्षक थर द्यायलाच हवा, नाहीतर काही महिन्यांत पुन्हा तेच.

३) रोख तपासा. सपाट जागी गाडी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा. डिपरच्या उजेडाची वरची कड बल्बच्या उंचीपेक्षा साधारण ५ सेंटिमीटर खाली हवी, म्हणजे १ टक्का उतार. आपण डावीकडून चालवतो, म्हणून डाव्या बाजूला ती कड थोडी वर चढते. तो दोष नाही.

आणि एल.ई.डी.?

एच-फोरमध्ये डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटीशी धातूची वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा फक्त वरचा अर्धा भाग वापरला जातो आणि उजेड रस्त्यावर पडतो. सगळी भूमिती फिलामेंटच्या जागेवर अवलंबून आहे. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एल.ई.डी. किंवा एच.आय.डी. किट घातला आणि उजेडाची जागा जराशी जरी चुकली, की तो प्रकाश समोरच्याच्या डोळ्यात जातो. आपल्याला वाटतं मस्त दिसतंय, आणि समोरच्या बाईकवाल्याला काहीच दिसत नाही. शिवाय कंपनीने दिलेल्या गाडीत मनाने असे बदल करण्यावर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ची बंदी आहे.

शेवटचं गणित

हेडलाईट रस्त्यापासून ६५ सेंटिमीटर उंच आणि उतार १ टक्का, तर डिपरची वरची कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. बल्ब कितीही वॅटचा लावा, ती पुढे सरकत नाही. ताशी ८० च्या वेगाने जाताना ब्रेक मारायचं सुचेपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर गेले, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ४० च्या आसपास. एकूण पंचाहत्तरच्या जवळ. म्हणजे दिसलेल्या माणसाच्या आधी गाडी थांबतच नाही. ताशी ६० ला हेच अंतर ४८ मीटर. घाटात, पावसात तर त्याहूनही हळू.

म्हणून, सुट्टीत घरी जाल तेव्हा बल्बच्या दुकानात जाण्याआधी लॅबमधला मल्टिमीटर आठवा. आजी अजूनही मला इंजिनिअर म्हणते. पण त्या रात्री खरा प्रकाश कुणी दाखवला असेल, तर तो एस.टी.च्या मागच्या लाल दिव्याने. त्याला पाच वॅटचा बल्ब पुरला.