चित्रातल्या इमारतीवर पाऊस पडत नाही

बोरिवलीतली आमची चार मजली सोसायटी पुनर्विकासाला गेली आणि तिच्या जागी बावीस मजली टॉवर उभा राहिला. सर्वसाधारण सभेत विकासकाने पडद्यावर एलिव्हेशन दाखवलं, तेव्हा टाळ्या पडल्या. पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काचा, कडेने राखाडी पट्ट्या, मावळतीचा सोनेरी उजेड. काच कुठली, छज्जा किती बाहेर, रंगकाम कसं होणार, असं आम्ही काहीजणांनी विचारलं. ‘ते आर्किटेक्ट बघतील’ एवढंच उत्तर मिळालं. राहायला आल्यावर एप्रिल-मेमध्ये चारनंतर हॉलमध्ये बसवेना आणि जुलैत खिडकीजवळच्या दिवाणाची गादी उचलून ठेवावी लागली. ज्यांची सोसायटी आज चित्र निवडण्याच्या टप्प्यावर आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी दिशा बघा. प्रत्येक बाजूचं चित्र नकाशावरच्या उत्तरेच्या बाणाशी ताडून पाहा. आडवा छज्जा भर दुपारचं ऊन अडवतो. मावळतीचं तिरपं ऊन त्याच्या खालून थेट आत येतं. पश्चिमेला खोल बाल्कनी किंवा पुरेशा रुंद उभ्या पट्ट्याच लागतात. आमच्या पट्ट्या वीतभरही बाहेर नाहीत, त्यांची सावली काचेवर पडतच नाही. आतून जाड पडदे लावले, पण काचेतून शिरलेली उष्णता खोलीतच राहते. केंद्र सरकारच्या ‘इको निवास संहिता 2018’मध्ये निवासी इमारतीच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा दर चौरस मीटरला 15 वॅट अशी दिली आहे. आपल्या इमारतीचा हा आकडा किती येतो, ते आर्किटेक्टकडून लेखी मागा.

मुंबईत हा प्रश्न फार सुंदर रीतीने सुटलेला आहे. चार्ल्स कोरिआ यांची कंबाला हिलवरची ‘कांचनजंगा’ ही 28 मजली इमारत 1983 साली पूर्ण झाली. समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेला, पण कडक ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. जुन्या बंगल्यांना यासाठी भोवती व्हरांडा असे. कोरिआंनी तोच विचार उंचावर नेला आणि इमारतीच्या कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या कोरल्या. लांबून जे देखणं दिसतं, तेच आतल्या माणसाला सावली देतं. कुठलंही एलिव्हेशन मी आता याच कसोटीवर पाहते.

दुसरा प्रश्न पावसाचा. वरच्या मजल्यांवर तो आडवाच येतो. आमच्याकडे गळती शोधायला आलेल्या कारागिराने सरकत्या खिडकीची खालची पट्टी दाखवली. पाणी बाहेर जाण्यासाठी तिला जी बारीक भोकं असतात, ती सिलिकॉनने बुजली होती. त्याने टोच्याने एक भोक मोकळं केलं आणि पट्टीत तुंबलेलं पाणी आमच्या डोळ्यांदेखत बाहेर गेलं. छज्ज्याच्या पोटाला, कडेजवळ, पाणी तोडणारी खाच नव्हती. त्यामुळे पाणी कडेवरून वळून पोटाखालून भिंतीपर्यंत येत होतं आणि तिथे प्लास्टरचे पोपडे सुटले होते. सॅम्पल फ्लॅट बघायला जाल तेव्हा खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर मगभर पाणी ओता. ते बाहेर वाहतं की आत, ते लगेच कळतं.

चित्रात एसीचं एकही युनिट नसतं आणि कपडेही वाळत नसतात. ते कुठे राहणार, मेकॅनिक कुठे उभा राहणार, हे प्रत्येक खोलीसाठी विचारा. जागाच ठेवली नसेल तर एक माणूस दोरावर लटकून तुमचं काम करणार आहे. रंगाऱ्यांच्या झुल्यासाठी गच्चीवर पक्के हूक हवेत आणि शोभेच्या पट्ट्यांमागे हात पोहोचला पाहिजे. देखभालीचा खर्च पुढे पिढ्यान् पिढ्या सभासदांच्याच खिशातून जातो.

आगीचा विचार तर टाळूच नका. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 14 जून 2017 रोजी लागलेल्या आगीत 72 माणसं गेली. बाहेरून लावलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये पॉलिथिनचा गाभा होता आणि त्यावरून आग भराभर वर चढली. तुमच्या इमारतीला असे पॅनेल लागणार असतील, तर गाभा कशाचा आहे याचं चाचणी प्रमाणपत्र बघितल्याशिवाय होकार देऊ नका. सुटकेसाठी खिडकीच्या ग्रिलला उघडणारा भाग ठेवा.

हे सगळं कागदावर हवं. नव्या खरेदीदाराला रेरा कायद्याच्या कलम 14 चा आधार आहे: मंजूर नकाशे आणि ठरलेल्या साहित्याप्रमाणेच बांधायचं, आणि ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला तर विकासकाने तो विनामूल्य दुरुस्त करायचा. पुनर्विकासातल्या जुन्या सभासदांनी मात्र एवढ्यावर विसंबू नये. खिडकी-छज्ज्यांचे तपशीलवार सेक्शन, काचेचा प्रकार, पॅनेलचा गाभा आणि दोषदुरुस्तीची मुदत विकास करारातच लिहून घ्या.

शेवटचं काम सगळ्यात सोपं आहे. त्याच विकासकाने बांधलेली आणि पाच-सहा पावसाळे काढलेली एखादी इमारत ऑगस्टमध्ये जाऊन बघा. खिडक्यांखाली काळे ओघळ आहेत का ते पाहा, पश्चिमेकडच्या वरच्या मजल्यावरच्या रहिवाशाशी बोला. तिथे जे कळेल ते सभेपुढे मांडा आणि मगच ठरावाला हात वर करा.