ओट्याचे काँक्रीट आणि पाण्याचा हिशेब

पावसाळा सरला की पाड्यांवर घरापुढचा ओटा पक्का करण्याचे काम निघते. ते घरच्या माणसांना जमण्यासारखे आहे. फक्त पाण्याचा हिशेब सांभाळावा.

मऊ माती काढून मुरूम पसरा, पाणी शिंपडून धुम्मसाने ठोका. कडेला फळ्या लावा; अंगणाकडे दर चार फुटांना एक इंच उतार ठेवा. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी मोजून घ्या. ५० किलोच्या गोणीला ३० लिटरपेक्षा जास्त पाणी नको; वाळू ओली असेल तर आणखी कमी. पातळ माल पसरायला सोपा, पण ओटा कच्चा राहतो. ओले सिमेंट कातडी जाळते, म्हणून हातमोजे व गमबूट घाला.

चार इंच थर टाकून लांब पट्टीने सपाट करा. वर आलेले पाणी ओसरल्यावरच लाकडी रंधा फिरवा. वरून कोरडे सिमेंट भुरभुरू नका. पुढे पापुद्रे निघतात.

काँक्रीट वाळून नव्हे, पाण्यामुळे घट्ट होते. दुसऱ्या दिवसापासून गोणपाट अंथरून निदान सात दिवस ओले ठेवा. म्हणून विहिरीला पाणी असतानाच काम काढा. उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी बायकांची पायपीट चालते. तेव्हा ओट्याला पाणी कोण घालणार? आणि भेगा पडल्या की मजुरीतून साठवलेला पैसा वाया जातो.