शुगर-फ्री मिठाई शुगरवाल्यांना चालते का?

बुद्धपौर्णिमेला विहारात खीरदान असते, १४ एप्रिलला घरोघरी गोडधोड. घरात शुगरचा रुग्ण असला की हल्ली शुगर-फ्री पेढ्यांचा डबा येतो आणि म्हटले जाते, "हे तुम्हाला चालतं, कितीही खा." आम्हाला भीती वाटते ती या 'कितीही'ची.

शुगर-फ्री म्हणजे त्यात साखर घातलेली नाही, एवढेच. पण गुलाबजामातला मैदा, लाडवातले बेसन, खिरीतला तांदूळ जागेवरच असतो आणि पोटात गेल्यावर त्याचीही साखरच होते. खव्यात दुधाची साखर असते, वर तूप. खजूर-अंजिराची बर्फी तर मुळातच गोड. गूळ आणि मध यांचेही तेच; गूळ चालतो हा वस्तीतला जुना गैरसमज आहे. काही मिठायांत माल्टिटॉल असते. तेही रक्तातली साखर थोडी वाढवते आणि जास्त खाल्ले तर जुलाब होतात.

म्हणून पाकिटावर 'शुगर'च नव्हे, 'कार्बोहायड्रेट'चा आकडाही वाचावा. सुट्या मिठाईवर तोही नसतो. एखादा लहान तुकडा जेवणासोबत, तेवढा भात किंवा पोळी कमी करून खाता येतो. दोन तासांनी ग्लुकोमीटरवर पाहिले की तो आपल्याला मानवतो का ते कळते. बाबासाहेबांनाही मधुमेहाने अखेरच्या वर्षांत फार त्रास दिला. त्या काळी घरी बसून साखर मोजायची सोय नव्हती, आज आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची साखर कधी एकदम उतरते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, छातीत धडधडते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. मशीनवर ७० च्या खाली आकडा दिसतो. अशा वेळी शुगर-फ्री पेढा किंवा गोळी उपयोगाची नाही. चहाचे तीन चमचे खरी साखर पाण्यात विरघळवून पाजावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, कमीच असेल तर पुन्हा द्यावी. बरे वाटल्यावर भाकरी-पोळी खायला द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून तडक दवाखाना गाठावा.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर तासन् तास रांगेत उभे राहावे लागते, जेवणाची वेळ टळते. निघताना साखरेची पुडी खिशात ठेवा आणि सोबतच्यांना ती कशासाठी आहे हे सांगून ठेवा.