आधी शॉकअप, मग अलॉय

अगं, परवा दुकानात तू मोबाइलवर अलॉय व्हीलचे फोटो दाखवत होतीस, तेव्हा काउंटरला माणसं उभी होती म्हणून मी नुसतं ‘बघू’ म्हणाले. आता निवांत आहे, तर स्पष्टच सांगते. ती 16 इंची चाकं घालू नकोस. आणि स्प्रिंग कापून गाडी खाली बसवायचं जे कोणीतरी तुझ्या डोक्यात भरवलंय, ते तर मनातूनसुद्धा काढून टाक. हौस करू नको असं नाही म्हणत मी. तुझे पैसे आहेत, दादाकडून घेतलेली का होईना, तुझ्या नावावरची पहिली गाडी आहे. पण पैसे आधी कुठे घालायचे ते ऐक.

तुझी तक्रार काय? गाडी खड्ड्यात धाडकन आपटते, डावीकडे ओढते, सायवनपर्यंत गेलं की मागे बसलेल्या अंगणवाडी सेविकेला मळमळतं. यातलं एकही दुखणं रिम बदलून बरं होणारं नाही. उलट वाढेल. आमच्या स्पेअर पार्टच्या धंद्यात मी रोज बघते, माणसं दिसणाऱ्या वस्तूला दहा हजार हसत देतात आणि गाडीखालच्या रबरी बुशला पाचशे देताना घासाघीस करतात. बुश कोणाला दिसत नाही ना! लग्नाच्या वरातीत चमकतं ते चाक.

स्प्रिंग आणि शॉकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी डोक्यात पक्कं कर. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअप वजन पेलत नाही, तो स्प्रिंगला आवरतो. त्याच्या नळीत तेल असतं आणि पिस्टन ते तेल बारीक भोकांतून ढकलतो. त्या अडथळ्यात स्प्रिंगची उसळी जिरते. सील फाटलं, तेल गळून गेलं की स्प्रिंगला कोणी धरणारं उरत नाही. मग गाडी पाळण्यासारखी डुलत राहते आणि पोटात ढवळतं. हा झाला आरामाचा भाग. खरी भीती वेगळी आहे. शॉकअप मेलेला असला की खडबडीत रस्त्यावर टायर क्षणभर जमीन सोडतं, आणि जमिनीला न टेकलेलं टायर ना ब्रेक घेतं, ना वळतं. आपल्याकडच्या पावसात, कासा ते जव्हार रस्त्यावरच्या वळणाला, हे घडायला नको.

तुझी गाडी 2012 ची स्विफ्ट व्हीएक्सआय. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच दांड्यावर, आणि मागे साधी टॉर्शन बीम. मांडणी साधी आहे, म्हणून दुरुस्तीही सोपी. बॉनेटचा कोपरा दाबून सोडायची चाचणी सगळे सांगतात, पण त्यात फक्त पुरता मेलेला शॉकअप सापडतो, अर्धमेला निसटतो. त्यापेक्षा चाकामागे टॉर्च मारून बघ. नळीवर तेलकट धूळ चिकटलेली दिसली तर समज. टायरवरून हात फिरव. लाटांसारखे उंचसखल चट्टे लागले तर शॉकअपकडे बोट दाखव. नुसती आतली कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलंय, दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी ठेवलीस, मधला पट्टा गेला असेल तर हवा जास्त.

आवाजावरूनही बरंच कळतं, हे मी मेकॅनिकांच्या बोलण्यातून शिकले. बारीक खड्ड्यांवर टकटक वाजलं तर बहुतेक लिंक रॉड. जागच्या जागी स्टीअरिंग फिरवताना करकर आणि मधेच ‘टण्’ झालं तर वरचं स्ट्रट माउंटिंग किंवा त्याचं बेअरिंग. ब्रेक मारताना खालून एकच ठोका आला तर लोअर आर्मचा बुश. बॉल जॉइंटमध्ये मात्र ढिलाई दिसली तर उद्यावर टाकू नकोस. तो निखळला तर चाक आडवं पडतं.

म्हणून माझा क्रम असा: पुढचे दोन्ही शॉकअप जोडीने बदल, एकच बदलायचा नाही. त्याच वेळी माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप आणि धुळीचं रबर नवं घाल, कारण स्ट्रट एकदा उतरवला की मजुरी तीच आणि सहा महिन्यांनी ती पुन्हा कोण देणार? लोअर आर्मचे बुश बघून घे. मागचे शॉकअप त्यानंतर. मागे माणसं बसल्यावर गाडी फारच वाकत असेल तर मागच्या स्प्रिंगाच नव्या घाल. स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर कोंबायला कोणी सांगेल, स्वस्त पडतं म्हणून. मला ते पटत नाही. बफर घातला की तेवढ्या वेढ्यांचं काम बंद होतं, सगळा ताण उरलेल्यांवर येतो, आणि थकलेली स्प्रिंग थकलेलीच राहते.

स्प्रिंग कापण्याचं काय ते एकदाच सांगते. या गाडीचा जमिनीपासूनचा उठाव 170 मिलिमीटर. त्यात चार माणसं बसली की आणखी कमी. आपल्या पाड्यांच्या वाटांवर मोऱ्या आणि गतिरोधक कसे आहेत ते तुला मी काय सांगू? कापलेल्या स्प्रिंगचं टोक आपल्या खाचेत नीट बसत नाही, शॉकअप तळाला आपटत राहतो आणि नवा घातला तरी लवकर मरतो. मुंबईच्या पोरांना शोभेल. त्यांनाही शोभत नाही खरं तर.

तुला एक गंमत सांगते. फ्रान्समध्ये 1948 साली सित्रोएन कंपनीने ‘टू सीव्ही’ नावाची गाडी लोकांपुढे आणली. तिच्या आखणीची अटच म्हणे अशी होती की शेतकऱ्याने नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तर एकही अंडं फुटता कामा नये. चाकं बारीक, दिसायला ध्यान, पण झोका मऊ. तू अंगणवाड्यांची मुख्यसेविका, अमृत आहार योजनेची अंडी कधी ना कधी तुझ्याच डिकीतून जातात. तेव्हा गाडी कशी हवी ते तूच ठरव.

आता चाकांकडे येते, कारण तुझा जीव तिथेच अडकलाय. तुझ्या व्हीएक्सआयला कंपनीचा टायर आहे 165/80 आर 14. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के त्याची भिंत उंच आहे ते, आणि 14 म्हणजे रिम. हिशेब कर: 165 चे 80 टक्के, म्हणजे 132 मिलिमीटरची रबरी भिंत. खड्ड्याचा पहिला मार ती भिंत झेलते. त्याच मॉडेलच्या झेडएक्सआयला कंपनीनेच 185/65 आर 15 दिला होता. त्याची भिंत सुमारे 120. आणि तुला दाखवलेला 16 इंची सेट 195/55 चा, त्याची भिंत 107. बाहेरून तिन्ही चाकं जवळजवळ सारखीच उंच, 620 मिलिमीटरच्या आसपास, म्हणून स्पीडोमीटर फसत नाही आणि दुकानदार म्हणतो ‘काही फरक पडत नाही ताई’. फरक पडतो तो त्या पंचवीस मिलिमीटर रबराचा. तेवढं रबर गेलं आणि त्या जागी धातू आला. हायवेच्या गुळगुळीत पट्ट्यावर गाडी वळणात घट्ट वाटेल, खोटं नाही. पण चारोटीला उतरून आत वळलीस की रिमला मार बसेल.

लोखंडी रिम वाकली तर ठोकून सरळ होते. अलॉयला तडा गेला तर वेल्डिंग करून देणारे भेटतील, पण तसली रिम मी माझ्या माणसाच्या गाडीला लावू देणार नाही. अलॉय हलकं असतं, म्हणून ते चांगलं, हे खरंय. चाक जितकं हलकं तितकं शॉकअपचं काम सोपं. पण स्वस्तातलं ओतीव अलॉय पुष्कळदा लोखंडाइतकंच जड भरतं. दुकानात काट्यावर ठेवायला सांग, काय तोंड करतात बघ.

तेव्हा हौस फिटवायचीच असेल तर 15 इंचांवर थांब. झेडएक्सआयचाच 185/65 आर 15 घे. टायर जास्त वजन पेलतो, जमीन जरा जास्त धरतो, आणि कंपनीने स्वतः त्या गाडीवर चालवून बघितलेला आहे. रिम घेताना चार बोल्टची 100 मिलिमीटरची मांडणी आणि मधलं 54.1 चं भोक जुळायला हवं. भोक मोठं असेल तर आत रिंग लागते, नाहीतर 80 च्या पुढे स्टीअरिंग थरथरतं आणि तू बॅलन्सिंगवाल्याला शिव्या देत बसशील. चाक फेंडरच्या बाहेर डोकावत असेल तर ते ऑफसेट चुकीचं आहे, बेअरिंगवर ताण येतो, तसलं घेऊ नकोस. अलॉयचे नट वेगळे असतील तर तेच लाव आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घे.

टायर नवं म्हणून दिलं तरी भिंतीवरचे चार आकडे वाच. 2318 म्हणजे 2018 सालचा 23 वा आठवडा. दुकानात पाच वर्षं पडलेलं टायर नवं नसतं. नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेच बाद. आपल्या पावसात मी तर तेवढीही वाट बघत नाही.

कायद्याचं म्हणशील तर, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच बजावलं. 2027 मध्ये तुझ्या गाडीला 15 वर्षं होतील. नोंदणी नूतनीकरणाला आरटीओत तपासणी होते. बाहेर आलेली चाकं आणि कापलेल्या स्प्रिंगा घेऊन तिथे उभी राहणार का? विम्याच्या कंपनीलाही बदल कळवायचा असतो, नाहीतर अपघातानंतर त्यांना बोट ठेवायला जागा मिळते.

अपघातावरून आठवलं. 4 सप्टेंबर 2022 ला इथेच, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर, उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी कठड्याला धडकली. गाडी मर्सिडीज होती, तिच्या सस्पेन्शनपुढे आपल्या गाड्या काय? मागे बसलेले दोघे गेले, आणि त्यांनी पट्टे लावलेले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. तुझ्या गाडीत मागच्या पट्ट्यांची कुलपं त्या मखमली सीट कव्हरखाली गाडली गेलीत, मी बघितलंय. ती आधी वर काढ. त्याला एक रुपया लागत नाही.

आता जे फक्त तुलाच सांगते. गॅरेजमध्ये बाईमाणूस एकटी गेली की दोन गोष्टी होतात. एकतर ‘ताई, तुम्हाला नाही कळायचं’, नाहीतर गरज नसलेल्या पार्टांची लांबलचक यादी. भांडू नकोस. शांतपणे म्हण, ‘जुना पार्ट काढला की मला द्या, घरी न्यायचाय.’ एवढं वाक्य पुरतं. काम सुरू व्हायच्या आधी पार्टचं नाव आणि मजुरी कागदावर मागून घे. शॉकअपचा खोका बघ, बिल घे, कारण नामांकित नावांचा नकली माल खूप फिरतो. गॅब्रिएल आपल्याच मुलुंडला 1961 साली सुरू झालेली कंपनी, म्हणून तिच्या नावाच्या प्रत्येक खोक्यात तिचाच माल असेल असं नाही. काम झाल्यावर अलाइनमेंट करूनच गाडी घे आणि मशीनचा छापील कागद माग. तुझ्या गाडीत फक्त पुढच्या चाकांचा ‘टो’, म्हणजे चाकं आत-बाहेर वळलेली असतात तो कोन, नीट करता येतो, मागच्या बीमला जुळवणीच नसते. मागचाही करून दिला म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याकडे परत जाऊ नकोस.

शॉकअप आणि बुश झाले की महिनाभर तशीच चालव. तुझ्या त्याच 14 इंची चाकांवर. हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे ठेव, पंक्चरवाल्याच्या अंदाजाने नाही. त्यानंतरही अलॉय हवेसे वाटले तर ये, 15 इंचांचे मी स्वतः निवडून देईन. पण शॉकअपचं काम पाऊस सुरू व्हायच्या आत उरकून टाक. जूनमध्ये सगळ्यांच्याच गाड्या वाजायला लागतात आणि मग आपल्या कासा-चारोटीच्या एकाही गॅरेजमध्ये रॅम्प मोकळा मिळत नाही.