उन्हात तयार होणारे मेण

मुलांनो, ताज्या द्राक्षावर बोट फिरवा. पांढरट थर निघेल. ती धूळ नव्हे, मेण आहे. त्यामुळे फळातले पाणी लवकर उडून जात नाही.

वाळवंटातल्या झाडांना तर या मेणाची फारच गरज असते. उत्तर मेक्सिकोतील चिवावा वाळवंटात कँडेलिला नावाचे झुडूप उगवते. या नावाचा अर्थ 'छोटी मेणबत्ती'. पाने जवळजवळ नाहीतच. नुसत्या सरळ काड्या! पाऊस लांबला, हवा कोरडी झाली, की काड्यांवर मेणाचा थर वाढतो. हेच झुडूप बागेत लावून रोज पाणी घाला. ते छान वाढेल, पण मेण थोडेच देईल. गंमत आहे ना? मेण तयार करायला झाडाला अन्न खर्चावे लागते. गरज नसताना ते कशाला खर्च करील?

हे मेण च्युइंगगममध्ये आणि ओठांच्या लालीत वापरतात. ते काढणे मात्र कष्टाचे आहे. गावकरी झुडपे उपटतात, गाढवांवर लादून आणतात आणि सल्फ्युरिक आम्ल घातलेल्या पाण्यात उकळतात. मेण फेसासारखे वर येते. उकळते आम्ल अंगावर उडाले तर कातडी भाजते.

आणि मुळासकट उपटलेले झुडूप पुन्हा कसे फुटणार? म्हणून १९७५ पासून त्याच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आहे.